नव्व्याण्णव टक्के आणि एक संन्यासी

बैठक गेल्या वर्षीची, एका पतसंस्थेच्या संचालक मंडळाची. विषयपत्रिकेवर सातवा विषय होता, मेल सर्व्हरसाठी स्पॅम फिल्टर खरेदी करणे. सल्लागाराने तीन स्लाइड दाखवल्या. तिसरीवर पडदाभर एकच आकडा : ९९ टक्के. ‘‘शंभरातले नव्व्याण्णव पकडतो, साहेब. अजून काय पाहिजे?’’ अध्यक्षांनी मान डोलावली, चहा आला, सूचक-अनुमोदक ठरले. मी कोपऱ्यातून विचारलं, ‘‘चुकून पकडलेल्यांचा आकडा कुठल्या स्लाइडवर आहे?’’ सल्लागार म्हणाला, ‘‘सर, फॉल्स पॉझिटिव्ह निग्लिजिबल असतात.’’ ठराव मंजूर झाला.

निग्लिजिबल म्हणजे नेमके किती, हे त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. त्या सल्लागाराशी माझं वैर नाही. तो जे बोलला तेच आमच्या धंद्यात सगळे बोलतात. मी अठरा वर्षं लहान संस्थांचे मेल सर्व्हर सांभाळतोय, एक मुद्रणालय, दोन महाविद्यालयं, मध्ये काही काळ एक रुग्णालय, आणि सगळीकडे हेच ऐकलं आहे. जास्तीत जास्त पकडणारा फिल्टर घ्या. तो आत काय करतो याच्या भानगडीत पडू नका. आणि स्वतःचा फिल्टर स्वतः चालवायचे दिवस आता गेले. पहिली दोन वाक्यं मला साफ अमान्य आहेत. तिसरं अर्धं मान्य आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

टक्केवारीचा हिशेब आधी उलगडू. समजा सर्व्हरवर दिवसाला हजार मेल येतात, सहाशे कचरा आणि चारशे कामाचे. फिल्टर शंभरात एकदा चुकतो, म्हणजे रोज दहा चुका. दहाही चुका कचऱ्याच्या बाजूच्या असतील, तर चाळीस कर्मचाऱ्यांत मिळून दहा फालतू मेल आत येतील. कुणाला वजन उतरवायच्या गोळ्या, कुणाला लॉटरी. माणूस हसतो आणि पुसून टाकतो. पण दहाही चुका दुसऱ्या बाजूच्या असतील, तर रोज दहा खरी पत्रं नाहीशी होतात. त्यात लेखापरीक्षकाची शंका असते, निविदेचं शुद्धिपत्रक असतं, एखाद्या ठेवीदाराची तक्रार असते. टक्केवारी तीच आणि फिल्टरही तोच. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, आणि किती संन्यासी सुळावर गेले याची नोंद स्लाइडवर येत नाही, कारण संन्यासी तक्रार करायला परत येत नाही. आत आलेला कचरा साऱ्यांना दिसतो. न आलेलं पत्र कुणालाच दिसत नाही. म्हणूनच जो फिल्टर बेधडक गिळतो, त्याचंच कार्यालयात कौतुक होतं : ‘‘हल्ली अजिबात स्पॅम येत नाही हो!’’

कुणी म्हणेल, नामांकित फिल्टर घेतला की हा प्रश्न सुटतो. गुगलने जुलै २०१५ मध्ये जीमेलविषयी जाहीर केलं होतं, की कामाचा मेल चुकून स्पॅममध्ये पडण्याचं प्रमाण ०.०५ टक्क्यांहून कमी आहे. म्हणजे दोन हजारांत एक. कौतुकच आहे, आणि मुख्य म्हणजे त्यांनी हा आकडा सांगितला तरी. पण वरच्या चारशे कामाच्या मेलना तोच आकडा लावला, तर पाच दिवसांत एक पत्र, महिन्याला सहा. साऱ्या जगाची टपालपेटी रोज उघडणाऱ्या कंपनीची ही कामगिरी, तीही सरासरी वापरकर्त्याच्या मेलवरची.

आपला मेल सरासरी नसतो, हीच तर गोम आहे. मुद्रणालयात ऑगस्टपासून दिवाळी अंकांचं साहित्य यायला लागतं. लेखक मंडळी मेल कसा पाठवतात हे एकदा पाहण्यासारखं आहे. विषयाची जागा कोरी, फार तर ‘कथा’. मजकुराची जागा कोरी. खाली एक फाइल, तिचं नाव ‘फायनल नवीन २ शेवटची’. पाठवणारा पत्ता नातवाचा, एका क्रिकेटपटूचं नाव आणि पुढे चार आकडे. आता हे फिल्टरच्या नजरेने बघा : अनोळखी पत्ता, विषय नाही, मजकूर नाही, जोडलेली फाइल आहे. व्हायरस पेरणाऱ्याचा मेल याहून वेगळा कसा दिसणार? त्यातून काही ज्येष्ठ लेखक अजून जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप करून तेच मेलमध्ये चिकटवतात. तो फॉन्ट नसलेल्या यंत्राला त्यात रोमन अक्षरांचा कडबा दिसतो, आणि असा निरर्थक अक्षरांचा कडबा स्पॅमवाले फिल्टरला चकवायला मुद्दाम घालत असतात. बिचाऱ्या फिल्टरला ग्रामीण विनोदी कथा आणि चकवा यांतला फरक कळायचा कसा?

एका वर्षी तिथे विकतचा फिल्टर बसवला होता. ऑक्टोबरच्या मध्यावर एका वयस्कर लेखिकेचा फोन आला. आवाज अगदी शांत. ‘‘कथा पसंत पडली नसेल तर तसं कळवायचं. निदान पोच तरी द्यायची होती.’’ संपादकांनी माझ्याकडे पाहिलं. मी फिल्टरच्या कोठडीत, म्हणजे अडवलेले मेल ठेवायच्या जागेत शोधलं, तर कोठडी रिकामी. चौदा दिवसांनी ती आपोआप साफ होत होती. लॉगमध्ये मात्र नोंदी सापडल्या : ऑगस्ट-सप्टेंबरात अकरा हस्तलिखितं अडवली गेली होती, आणि प्रत्येकापुढे कारण म्हणून एकच शब्द होता, ‘पॉलिसी’. कुठली पॉलिसी? विक्रेत्याला विचारलं, तर ती त्यांची व्यावसायिक गुपितं. अंक तोवर छापायला गेला होता. त्या अकरा जणांना फोन करायचं काम माझ्याकडेच आलं.

आत काय चालतं याच्या भानगडीत पडू नका, या वाक्यावर माझा राग आहे तो इथून आलेला.

पत्र अडवायची दोन ठिकाणं असतात. एक दारात. मेल पोहोचवण्याची जी बोली १९८२ साली एसएमटीपी नावाने ठरली, तिच्यात घेणारा सर्व्हर देणाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर देतो : अडीचशेचा आकडा म्हणजे घेतलं, चारशेच्या घरातला म्हणजे थोड्या वेळाने या, पाचशेच्या घरातला म्हणजे घेणार नाही. मजकूर तपासूनही सर्व्हर दारातच नाही म्हणू शकतो. मग खऱ्या माणसाला त्याचा स्वतःचा सर्व्हर कळवतो, की तुमचं पत्र पोहोचलं नाही. तो फोन करतो, दुसऱ्या पत्त्यावरून पाठवतो, निदान चिडतो. स्पॅम ओकणाऱ्या यंत्राला नकाराचं सोयरसुतक नसतं. दुसरं ठिकाण घराच्या आत. तिथे सर्व्हर आधी ‘घेतलं’ म्हणतो आणि मग मागच्या खोलीत नेऊन पत्र कोठडीत टाकतो. पाठवणाऱ्याला वाटतं पोहोचलं, घेणाऱ्याला वाटतं आलंच नाही. दोघंही प्रामाणिक, आणि दोघांत भांडण.

यात कायद्याचीही एक मेख आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या तेराव्या कलमानुसार, तुम्ही मेल स्वीकारण्यासाठी एखादी संगणकीय यंत्रणा नेमून दिली असेल, तर एरवी काही ठरलेलं नसल्यास मेल त्या यंत्रणेत शिरला त्या क्षणी तुम्हाला मिळाला असं धरलं जातं. मी वकील नाही. पण ‘तुमची नोटीस आमच्या फिल्टरने कोठडीत टाकली होती’ हे वाक्य कुठल्या मंचापुढे उभं राहून बोलायची माझी तरी हिंमत होणार नाही.

पूर्वीच्या कचेऱ्यांत आवक-जावक बारनिशी असायची. पत्र परत पाठवलं तरी त्यावर शेरा असायचा : पत्ता अपुरा, घर बंद, घेण्यास नकार. शेरा मारणारा कारकून चुकायचा, पण चूक सापडायची. फिल्टर निवडताना मी पहिली मागणी करतो ती याच शेऱ्याची. शेरा असला की काय होतं, याचं एक जुनं उदाहरण आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, आणि ते मी पुढे ज्यांची बाजू घेणार आहे अशा एका मुक्त, म्हणजे ओपन सोर्स फिल्टरचंच आहे.

स्पॅमअसॅसिन हा फिल्टर प्रत्येक मेलला नियमागणिक गुण देतो, आणि बेरीज पाचावर गेली की स्पॅम म्हणतो. त्यात एक नियम होता : मेलवरची तारीख फार पुढची असेल तर गुण वाढवा, कारण यादीत वर राहावं म्हणून स्पॅमवाले भविष्यातल्या तारखा घालत. ज्याने नियम लिहिला त्याने ‘फार पुढची’ म्हणजे २०१० ते २०९९ असं धरलं. लिहिताना ते दूरच होतं. मग १ जानेवारी २०१० उजाडली आणि जगातला प्रत्येक नवा मेल ‘फार पुढचा’ झाला. मांडणीनुसार दोन ते साडेतीन गुण फुकटात. नववर्षाच्या शुभेच्छांना त्या दिवशी सुळाची वाट दिसली. चूक आधीच्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी लक्षात आली होती, दुरुस्तीही झाली होती, पण ती चालू आवृत्तीच्या नियमांपर्यंत पोहोचवायची राहून गेली. लाजिरवाणाच प्रकार. पण कोणत्या नियमांनी गुण दिले हे प्रत्येक मेलच्या डोक्यावर छापलेलं होतं. जगभरच्या सर्व्हरवाल्यांनी ते वाचलं, एका ओळीत त्या नियमाचे गुण शून्य केले, आणि त्याच दिवशी अधिकृत दुरुस्तीही आली. हीच चूक बंद पेटीत झाली असती तर बाहेर काय दिसलं असतं? ‘पॉलिसी’.

काळ्या याद्यांचंही तेच. अमुक पत्त्यावरून कचरा येतो अशी यादी कुणी तरी ठेवतं आणि आपला सर्व्हर दर मेलला त्या यादीला विचारतो. सोय चांगली आहे, स्पॅमहाउसच्या याद्या मी स्वतः वापरतो. पण यादी ठेवणारा उद्या दुकान बंद करू शकतो. ओआरडीबी नावाची यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. लोक तरी विचारतच राहिले. अखेर मार्च २००८ मध्ये त्या सर्व्हरने प्रत्येक प्रश्नाला ‘होय, यादीत आहे’ असं उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि सव्वा वर्ष झोपलेल्या सगळ्यांचा सगळा मेल एका दिवसात अडला. सॉर्ब्ज ही जुनी यादी जून २०२४ मध्ये बंद झाली. तुमच्या फिल्टरमध्ये तिचं नाव अजून आहे का, हे विकत घेतलेली पेटी तुम्हाला दाखवते का? स्पॅमहाउसला गुगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारलं, तर ती यादी खऱ्या उत्तराऐवजी एक चूक-संकेत पाठवते. ज्याने ‘काहीही उत्तर आलं की स्पॅम’ अशी मांडणी केली आहे, त्याच्याकडे तो संकेतही ‘होय’ ठरतो आणि दार सगळ्यांनाच बंद होतं. महाविद्यालयातल्या एका सर्व्हरवर हा घोळ निस्तरायला माझा एक रविवार गेला. अख्खा गुन्हा एका ओळीचा होता.

ग्रेलिस्टिंगचं थोडक्यात सांगतो. अनोळखी पाहुण्याला ‘थोड्या वेळाने या’ म्हणायचं, खरा सर्व्हर परत येतो, भाडोत्री यंत्र सहसा येत नाही. २००३ मधली ही युक्ती अजून चालते. पण दहा मिनिटांत मरणारा ओटीपी वीस मिनिटांनी आला की निविदा भरायला बसलेला माणूस तुम्हाला शिव्या घालतो, आणि त्याचं बरोबर असतं. सरसकट लावू नये, संशयितालाच लावावी.

आता तिसरं वाक्य, अर्धं मान्य असलेलं. स्वतःचा फिल्टर चालवायचा म्हणजे माणूस लागतो. सोमवारी सकाळी कुणी तरी लॉग उघडायला हवा. ज्या संस्थेत संगणकाचं काम बघणारा माणूस प्रिंटरचा कागदही बदलतो आणि गॅदरिंगचा माइकही लावतो, तिथे मी स्वतःहून सांगतो, की मेल एखाद्या मोठ्या सेवेकडे द्या आणि सुखी राहा. मोठ्यांची नजर लांबवर पोहोचते हेही खरं. आज सकाळी ब्राझीलमध्ये सुटलेला फिशिंगचा मेल दुपारी सांगलीत आला, तर त्यांना तो ओळखीचा असतो, मला नसतो. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांवर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या पद्धतींची सक्ती केली, त्याने जो फरक पडला तो माझ्यासारख्या शंभर जणांनी पाडला नसता.

पण ‘विकत घेतलं की सुरक्षित’ हा त्यातला उरलेला अर्धा भाग मी मानत नाही. मे २०२३ मध्ये बॅराकुडा कंपनीच्या मेल तपासणाऱ्या पेट्यांमध्येच एक भोक सापडलं. जोडलेल्या टार फाइलमधली नावं ती पेटी नीट न तपासता वापरायची, आणि मुद्दाम घडवलेला मेल तिच्यापर्यंत पोहोचला की हल्लेखोर थेट पेटीत शिरायचा. हे आदल्या ऑक्टोबरपासून चाललं होतं. जूनमध्ये कंपनीने बाधित ग्राहकांना सांगितलं, की दुरुस्ती केलेली असली तरी पेटीच बदलून घ्या. दाराशी ठेवलेला पहारेकरीच दार उघडत होता. मुक्त फिल्टर धुतल्या तांदळासारखे आहेत असं मात्र कुणी समजू नये. त्याच वर्षी फेब्रुवारीत क्लॅमएव्ही या मुक्त व्हायरस-तपासनिसातही फाइल उलगडतानाच हल्लेखोराला वाव देणारी चूक निघाली होती. मेल उघडून बघणारं प्रत्येक यंत्र हे स्वतःच एक दार असतं. तेव्हा कुठलाही फिल्टर घ्या, अद्ययावत ठेवायचं काम सुटत नाही. पैसे दिल्याने ते दुसऱ्याच्या अंगावर जातं आणि तो करतो की नाही हे तुम्हाला दिसत नाही, एवढाच फरक.

माझी निवड विचाराल तर, एक माणूस आठवड्यातून दोन तास देऊ शकत असेल, तर पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या पुढे आरस्पॅमडी हा मुक्त फिल्टर. स्पॅमअसॅसिनपेक्षा तो हलका आहे, दारातच नाही म्हणायला सोपा आहे, आणि मूळ मांडणीतच त्याच्या पायऱ्या निरनिराळ्या आहेत : चार गुणांना ‘थोड्या वेळाने या’, सहाला शिक्का मारून आत, पंधराला दारातून परत. मधला माणूस मरत नाही. कोणत्या मेलला कशाचे किती गुण पडले याची यादी पडद्यावर दिसते. ज्यांच्याकडे स्पॅमअसॅसिन वर्षानुवर्षं नीट चाललाय त्यांनी उगाच बदलू नये.

दोन्हींत शिकण्याची सोय आहे, आणि मराठी संस्थांसाठी सगळी निवड माझ्या मते इथे येऊन ठरते. प्रोग्रॅमर पॉल ग्रॅहम यांनी २००२ मध्ये मांडलं, की स्पॅम कशाला म्हणायचं हे नियम लिहून ठरवण्यापेक्षा तुमच्याच मेलमधल्या शब्दांवरून यंत्राला संभाव्यता काढू द्या. गणित अठराव्या शतकातल्या एका इंग्रज पाद्र्याचं, थॉमस बेझ यांचं. या दोन्ही फिल्टरांना किमान दोनशे कचऱ्याचे आणि दोनशे चांगले नमुने दिल्याशिवाय ते हे गणित वापरतच नाहीत. लोक कचऱ्याचे दोनशे उत्साहाने देतात आणि चांगले द्यायला विसरतात. मुद्रणालयात मी जुन्या वर्षांतले स्वीकारलेले साडेतीनशे मेल शिकवले, कोऱ्या विषयाचे, कडबा फॉन्टचे, नातवाच्या पत्त्यांचे. ‘साभार’, ‘हस्तलिखित’, ‘मानधन’ हे शब्द फिल्टरला आपले वाटू लागले. त्यानंतरच्या दोन हंगामांत अडकलेली हस्तलिखितं तीन, तिन्ही शिक्का मारलेल्या फोल्डरमध्ये, तिन्ही त्याच आठवड्यात सापडली. हा काही अभ्यास नव्हे, एका मुद्रणालयाची बारनिशी आहे.

एक खबरदारी घ्या. मजकुराची भाषा ओळखण्याची सोय चालू केली असेल, तर मान्य भाषांच्या यादीत मराठी आहे का ते बघा. नुसती इंग्रजी ठेवून दिलेल्या मांडण्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. ‘महाराष्ट्र’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये तीस बाइटांचा होतो. इंग्रजी शब्दांच्या मापाने कात्री चालवणाऱ्या फिल्टरला तो शब्द म्हणून दिसेलच असं नाही. विकत घेताना विक्रेत्यासमोर दहा मराठी मेल ठेवा आणि गुण मागा. तो गुण दाखवू शकला नाही, तर तिथेच चहा पाजून निरोप द्या.

त्या पतसंस्थेचा करार येत्या मार्चमध्ये संपतो. कार्यवाहांना माझी विनंती एवढीच : नूतनीकरणाच्या पत्रावर सही करण्याआधी कंपनीकडून गेल्या तीस दिवसांत अडवलेल्या मेलची यादी मागवा, प्रत्येकापुढे कारणासकट. लॉग १८० दिवस जपून ठेवायला सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलेलंच आहे, तेव्हा ‘उपलब्ध नाही’ हे उत्तर चालवून घेऊ नका. यादी आली की शनिवारी दुपारी शाखेतल्या दोन जुन्या कारकुनांना ती वाचायला बसवा. नावं ते ओळखतील.